दिवा द्या, पण सांधा पक्का करून द्या



आगमनकाळ जवळ आला की आमच्या केंद्रात खोकी येऊ लागतात. त्यांत ब्लँकेट असतात, मुलांचे कपडे, वह्या असतात आणि हमखास दिवेही असतात. घराचे नूतनीकरण झाले म्हणून काढलेल्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या, चर्चमधले जुने झुंबर, गेल्या नाताळातल्या लाइटच्या माळा, कागदी तारे. सोबत चिठ्ठी असते, "पाड्यावरच्या प्रार्थनाघरासाठी" किंवा "एखाद्या गरजू घरासाठी". या दानामागचे प्रेम आम्हाला कळते. चिमणीच्या धुरात डोळे चोळत अभ्यास करणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना उजेडाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही यंदा या अंकात दिव्यांबद्दल थोडे सविस्तर लिहावे असे वाटले. वीज पाड्यांवर पोहोचली आहे, पण ती ज्या घरात पोहोचली ते घर पेटायला फार सोपे आहे. शहरातल्या स्लॅबच्या घरात ज्या बिघाडाने भिंतीवर फक्त काळा डाग पडेल, त्याच बिघाडाने इथे अख्खे घर जाऊ शकते. दिव्यामुळे आग कशी लागते आणि ती कशी टाळायची, हे देणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे.

घर कसे आहे

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडे किंवा नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडे गेलात, तर वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांची कुडाची घरे आजही दिसतात. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर माती-शेणाचे लिंपण केलेले असते. वर कौले, पत्रा किंवा गवत, पेंढा. आत माळा असतो. भातकापणी झाली की पेंढा घराजवळ रचला जातो आणि वर्षभराचे भात कणगीत भरले जाते. म्हणजे नाताळच्या सुमारास घरात आणि घराभोवती सर्वांत जास्त सुके, जळाऊ सामान असते.

या घरांतली माणसे आगीबाबत बेफिकीर नाहीत. चूल कुठे असावी, तिच्यामागच्या कुडाला किती जाड लिंपण हवे, रात्री निखारे कसे झाकावेत, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण चुलीतला विस्तव डोळ्यांना दिसतो. तारेतला विस्तव दिसत नाही आणि त्याचे शहाणपण अजून कोणाच्या आजीने कोणाला सांगितलेले नाही.

२५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारने 'सौभाग्य' योजना सुरू केली. तीत गरीब कुटुंबाला मोफत जोडणी मिळत असे. जवळच्या खांबावरून तार, मीटर, एका दिव्याची वायरिंग, एक एलईडी बल्ब आणि मोबाईल चार्ज करण्याची एक जागा. एका दिव्यापुरते हे ठीक होते. पण संसार एका दिव्यावर थांबत नाही. पुढे पंखा येतो, टीव्ही येतो, मुलगी शिलाई मशीन शिकते, पाहुण्याने दिलेली इस्त्री येते. नवीन वायरिंगला पैसे नसतात, म्हणून त्या एकाच दिव्याच्या तारेला पीळ देऊन दुसरी तार जोडली जाते आणि तिला तिसरी. कधी बल्बच्या होल्डरमध्येच दोन पिनांचा जोड बसवून त्यावर सगळे चालवले जाते. आगीची गोष्ट इथून सुरू होते.

आग बल्बमध्ये नव्हे, सांध्यात लागते

एका पाड्यावर एका मावशींनी मला कौतुकाने सांगितले होते, "ताई, आमचा दिवा जरा लहरी आहे. लुकलुकतो. होल्डरला हात मारला की लागतो." त्यांच्या दृष्टीने तो बल्बचा खोडकरपणा होता. खरे तर होल्डर आतून ओरडून सांगत होता की माझा सांधा ढिला झाला आहे.

बल्बच्या होल्डरमध्ये स्प्रिंगवर बसलेली दोन पितळी टोके असतात. बल्ब त्यांच्यावर दाबून बसतो. मागच्या बाजूला तारा स्क्रूने आवळलेल्या असतात. स्क्रू ढिला झाला, टोकावर गंज किंवा चुलीची काजळी बसली, स्प्रिंग मऊ पडली, की वीज जाण्याची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून वीज गेली की उष्णता निर्माण होते. ही उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, प्रवाह दहापट झाला तर उष्णता शंभरपट.

आता हिशोब करून पाहू. ढिल्या सांध्याचा अडथळा १ ओम धरा. ९ वॉटचा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर एका अँपिअरच्या विसाव्या भागाहूनही कमी प्रवाह घेतो. त्याने त्या सांध्यात निर्माण होणारी उष्णता हाताला जाणवणारही नाही. पण त्याच सांध्यातून पुढे नेलेल्या तारेवर १००० वॉटची इस्त्री लावली, तर प्रवाह चार अँपिअरच्या वर जातो आणि त्या स्क्रूच्या टोकाएवढ्या जागेत सुमारे १८ वॉट उष्णता साठू लागते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची कथील वितळवणारी कावी साधारण २५ वॉटची असते. म्हणजे जवळजवळ एक तापलेली कावी आपण कारवीच्या भिंतीत खोचून ठेवली.

पुढे हे दुष्टचक्र होते. तापल्यामुळे धातूवर आणखी गंज चढतो, स्प्रिंग आणखी मऊ पडते, अडथळा वाढतो, म्हणून सांधा आणखी तापतो. साध्या तारेवरचे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते मऊ होते, नंतर कडक होऊन तडकते. शेवटी उघड्या तारेतून ठिणगी उडते आणि खाली पेंढा असतो.

खांबावरून येणारी तार बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि घरातली तांब्याची. या दोन धातूंना नुसता पीळ देऊन जोडले, तर दमट हवेत तो सांधा लवकर खराब होतो. तिथे योग्य कनेक्टरच हवा. पावसाळ्याचे चार महिने ज्या भागात भिंत ओली राहते, तिथे ही गोष्ट जास्त लागू पडते.

"फ्यूज उडाला नाही, म्हणजे सगळे ठीक"

हा समज गावात आहे आणि शहरातही आहे. तो खरा नाही. फ्यूज किंवा एमसीबी प्रमाणाबाहेर प्रवाह गेला तरच वीज तोडते. ढिल्या सांध्यातून जाणारा प्रवाह नेहमीपेक्षा जास्त नसतो, किंचित कमीच असतो. म्हणून सांधा लाल होईपर्यंत तापला तरी फ्यूज शांत बसतो. म्हणजेच ढिल्या सांध्यावर उपाय एकच, सांधा घट्ट करणे. फ्यूज किंवा एमसीबी हा त्याला पर्याय नाही.

फ्यूज नको असा याचा अर्थ नाही. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना टेकल्या, किंवा एका तारेवर फार भार टाकला, तर फ्यूजच घर वाचवतो. मात्र चिनीमातीच्या फ्यूजमधली बारीक तार सारखी उडते म्हणून तिथे तांब्याची जाड तार गुंडाळली, तर पहारेकरी झोपी गेला असे समजावे. मग प्रत्यक्ष भिंतीतली तारच फ्यूजचे काम करते आणि वितळते. दिव्यांच्या जोडणीसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ६ अँपिअरचा एमसीबी हे साधे, पुरेसे माप आहे.

तिसरी वस्तू आरसीसीबी. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की घरगुती आरसीसीबी क्षणात वीज तोडते. ओल्या लिंपणातून वीज झिरपू लागली, उंदराने तार कुरतडली, किंवा एखाद्या मुलाचा हात उघड्या तारेला लागला, तर हा फरक पडतो. आगीपासून आणि जीवघेण्या झटक्यापासून असे दुहेरी रक्षण ती करते. अर्थिंग मात्र तरीही हवेच.

आणखी एक बारीक गोष्ट. दिव्याचे बटण नेहमी फेजच्या तारेवर असावे. चुकून ते न्यूट्रलवर बसवले, तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते. बल्ब बदलणाऱ्याला हे दिसत नाही.

दिव्याची स्वतःची ऊब

जुन्या पिवळ्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेत जाते, उजेड थोडाच मिळतो. ६० किंवा १०० वॉटच्या बल्बची काच १०० अंश सेल्सिअसच्या सहज वर जाते. कागद साधारण सव्वादोनशे ते अडीचशे अंशांच्या दरम्यान पेटतो. दोन्ही आकड्यांत अंतर आहे, पण बल्बला कागद चिकटला, ऊब बाहेर जायला वाट राहिली नाही आणि रात्रभर दिवा तसाच राहिला, तर ते अंतर कमी होत जाते.

आता नाताळचा तारा डोळ्यांसमोर आणा. कागदी तारा, आत लोंबता होल्डर, त्यात पिवळा बल्ब, वारा आला की कागद काचेला टेकतो, आणि २४ डिसेंबरच्या रात्री सगळे घर उपासनेला गेलेले. गव्हाणीच्या देखाव्यातही हेच. खरा पेंढा, कापसाचे बर्फ आणि त्यांतून फिरवलेली लाइटची माळ. हे धोके पाड्यावर आहेत तसेच तुमच्या-आमच्या ओसरीवर आणि चर्चच्या आवारातही आहेत. ताऱ्यात ५ किंवा ९ वॉटचा एलईडी बल्बच लावावा. ९ वॉटचा एलईडी जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका उजेड देतो. माळ पेंढ्यातून न नेता देखाव्याच्या चौकटीवरून न्यावी. एका माळेला दुसरी, तिला तिसरी असे जोडत जाऊ नये. घरात कोणी जागे नसेल तेव्हा सगळे बंद करावे.

एलईडी अजिबात तापत नाही असे नाही. त्याची उष्णता बुडाशी, होल्डरच्या बाजूला जमते. चहूबाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात किंवा खोट्या छताच्या आत थर्माकोलला टेकून बसवलेला एलईडी लवकर खराब होतो. आपल्या फ्लॅटमधल्या छतात बसवलेल्या दिव्यांच्या मागे काय आहे, हे एकदा वीजतंत्र्याकडून पाहून घ्यावे. दिव्याच्या फिटिंगवर जास्तीत जास्त किती वॉटचा बल्ब लावावा हे छापलेले असते. ते सजावटीसाठी छापलेले नसते.

जुने सामान का नको

आता खोक्यांकडे वळू. जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीतला चोक वयानुसार गुणगुणू लागतो आणि तापतो. ट्यूब मरणाला टेकली की सतत लुकलुकते आणि तेवढा वेळ चोकला विश्रांती मिळत नाही. त्या पट्टीत पाली आणि कीटक शिरतात, धूळ आणि काजळी साचते. झुंबराच्या आतल्या तारा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेल्या असतात आणि वाकवल्या की आवरणाचे तुकडे पडतात. स्वस्त माळांच्या तारा केसासारख्या बारीक असतात. शहरातल्या घरातून "अजून चालतो" म्हणून काढलेला दिवा पेंढ्याखाली लावण्याच्या लायकीचा नसतो. आम्ही असे सामान पुढे पाठवत नाही. ते बाजूला काढण्यात आणि त्याची विल्हेवाट लावण्यात आमच्या माणसांचे दिवस जातात.

दर महिन्याला पाहायच्या गोष्टी

पाड्यावरच्या महिला गटांना आम्ही जे सांगतो, तेच तुम्हालाही उपयोगी पडेल.

१. दिवा लुकलुकतो का? बटणातून किंवा होल्डरमधून चरचर आवाज येतो का? माशाळ किंवा जळका वास येतो का? यांतले काहीही आढळले तर मेन स्विच बंद करावा आणि दुरुस्ती झाल्याशिवाय ती जोडणी वापरू नये.

२. होल्डर, बटण किंवा प्लग पिवळा, तपकिरी पडला आहे का? वितळल्यासारखा दिसतो का? असा होल्डर घासूनपुसून वापरू नये, बदलावा.

३. दिव्याच्या तारेतून दुसरी तार काढली आहे का? इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, शेगडी दिव्याच्या जोडणीवर कधीही चालवू नये.

४. होल्डर आणि गवत, पेंढा यांत किमान एक हात अंतर आहे का? तार पेंढ्यात खुपसलेली नको. ती पीव्हीसीच्या पाइपातून किंवा केसिंग पट्टीतून न्यावी. कुडाच्या भिंतीतून आरपार जाते तिथेही पाइप हवा.

५. जळमटे आणि काजळी मेन स्विच बंद करून, कोरड्या फडक्याने झाडावी.

६. तार, बटण, एमसीबी विकत घेताना आयएसआयची खूण पाहावी.

जिथे वीज नाही आणि सौर दिवा आहे तिथेही बॅटरी आहे हे विसरू नये. बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर त्या लाल होतात. तिथेही फ्यूज हवा.

सातवी गोष्ट फक्त पाड्यांसाठी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा रेतीच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घर काही महिने बंद असते, उंदीर मोकळे असतात आणि तारेत वीज असते. निघताना मेन स्विच बंद करून जायचे, हे आम्ही कणगीला लिंपण करण्याइतकेच आवश्यक म्हणून सांगतो. घर जळाले तर फक्त छप्पर जात नाही. कणगीतले भात जाते, आणि पत्र्याच्या पेटीतला जातीचा दाखला, शिधापत्रिका, वनहक्काचे कागदही जातात. ते कागद पुन्हा मिळवण्यासाठी तालुक्याला घालावे लागणारे खेटे आम्ही जवळून पाहिले आहेत.

आग लागलीच तर आधी माणसे बाहेर काढावीत. हाताशी असेल तर मेन स्विच बंद करावा. वीज चालू असताना पाणी मारू नये, कोरडी माती किंवा वाळू टाकावी. ११२ किंवा १०१ वर फोन करावा, विजेच्या तक्रारीसाठी १९१२ आहे. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, तूप, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

छताचा कठडा

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक छोटी आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशात घरांची छते सपाट असत आणि लोक तिथे वावरत. राहाबने हेरांना छतावर लपवले, पेत्र यापोत छतावर प्रार्थनेला गेला. म्हणून कठडा ही शोभेची गोष्ट नव्हती. या आज्ञेत भावना कुठेच नाही, नुसते बांधकाम आहे. शेजाऱ्यावरची प्रीती कधी कधी विटा आणि मापांच्या भाषेत सांगावी लागते, हे मला त्यातून कळते. आपण ज्याला दिवा देतो त्याच्या छताचा कठडा म्हणजे एक घट्ट स्क्रू, योग्य मापाची तार आणि चालू स्थितीतला एमसीबी.

म्हणून यंदा तुमच्या मंडळीला आमची विनंती आहे. जुने दिवे पाठवण्याऐवजी एका घराची जोडणी पत्करावी. तीत नवा मेन स्विच, ६ अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, अर्थिंग, दोन दिवे आणि एक प्लग यांच्यापुरती तार व पाइप, भिंतीवर पक्के बसणारे होल्डर, दोन नवे एलईडी बल्ब आणि परवानाधारक वीजतंत्र्याची मजुरी येते. मीटरपर्यंतची तार आणि मीटर महावितरणचे असतात, त्यांना आम्ही हात लावत नाही. एमसीबी नाताळच्या केकपेक्षा फारसा महाग नसतो, पण झुंबरासारखा तो कोणाला दिसत नाही, त्यामुळे त्यासाठी देणगी सुचत नाही इतकेच.

तुमच्या मंडळीत कोणी वीजतंत्री असतील तर त्यांनी जानेवारीत दोन दिवस आमच्यासोबत पाड्यावर यावे. आयटीआयमध्ये हा व्यवसाय शिकलेले काही आदिवासी तरुण आता आमच्यासोबत काम करतात. गावच्या बोलीत तेच हे सगळे समजावतात आणि लोक त्यांचे ऐकतात. त्यांच्या अवजारांच्या पिशव्यांसाठीही मदत हवी आहे. पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे आणि एक चांगला मीटर एवढे एका पिशवीत असावे.

तुमच्या प्रार्थनेत या घरांची आठवण असू द्या. आणि आज रात्री दिवे मालवण्यापूर्वी आपल्या घरातला सर्वांत जुना होल्डर कोणता, तो शेवटचा कधी पाहिला, एवढे घरातल्यांना विचारून पाहा.